सोनकुंट्याच्या पाण्याचं वय

जळकोट तालुक्यातल्या पंधरा-वीस गावांत कुणाला बोअर घ्यायचा झाला, की मशीनवाल्याच्या आधी सोनकुंट्याच्या गुरुपादप्पाला निरोप जायचा. तो पाणाडी. तळहातावर सोललेला नारळ आडवा ठेवून तो रान चालायचा आणि खाली पाणी असलं की नारळ शेंडी वर करून उभा राहायचा. त्या जागेवर दगड ठेवायचा, हळदीकुंकू वाहायचं आणि मशीन बोलवायचं. पस्तीस वर्षांत त्यानं तीनशेच्या वर पॉइंट दिले होते आणि त्यातला एकूण एक त्याला तोंडपाठ होता. कुणाच्या रानात, कोणत्या साली, किती फुटांवर तांबडी माती लागली, किती फुटांवर काळा पाषाण, पाणी किती इंची. कागदावर एक ओळ नव्हती.

अलीकडे मात्र निरोप कमी झाले होते. एकामागून एक पॉइंट कोरडे गेले. सरपंच किशनरावांच्या माळावर तर नऊशे फूट खाली जाऊन नुसता धुरळा उडाला. लोक तोंडावर वाईट बोलले नाहीत. "खालचंच पानी आटलं, अप्पा तरी काय करनार," असं म्हणून गप्प बसले. त्या बोलण्यानं गुरुपादप्पाला जास्तच लागायचं, कारण त्याला एक गोष्ट माहीत होती जी त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. दोन वर्षं झाली, नारळ उभा राहत नव्हता. तो उभा करत होता.

पहिल्यांदा ते शेषेरावच्या रानात झालं. बारा माणसं मागं उभी, मशीनची गाडी बांधाला लागलेली, आणि दोन तास फिरून नारळ हलेना. शेवटी एका कोपऱ्यात आल्यावर त्यानं करंगळी किंचित वर उचलली. नारळ उभा राहिला. लोकांनी हात जोडले. तिथं दीड इंच पाणी लागलं, आणि वाईट झालं ते तेच. लागलं नसतं तर त्यानं त्याच दिवशी हा धंदा सोडला असता.

फेब्रुवारीत एक दिवस मोठी निळी पिंपं लादलेली जीप त्याच्या अंगणात येऊन थांबली. जीपमधून सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी उतरली. डोक्यावर ओढणी, पायात मातीनं भरलेले बूट.

"नमस्कार अप्पा. मी रुखसार. नांदेडहून आले, विद्यापीठातून. तलाठी म्हणाले, इथल्या बोअरांचं खरं काय ते फक्त तुम्हालाच ठाऊक आहे."

"शरणार्थी, माय," लिंगायतांच्या रीतीनं हात जोडत तो म्हणाला. "बसा. बोअर घ्यायचाय का?"

"नाही. बोअरचं पाणी बघायचंय. त्याचं वय काढायचंय."

गुरुपादप्पानं तिच्याकडं नीट बघितलं. थट्टा करतेय असं वाटत नव्हतं. तिनं सांगितलं, की नांदेडच्या इतवारा भागात तिच्या अब्बांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी आणणारा प्रत्येक शेतकरी तिथं एकच रडगाणं गायचा, की पाणी खाली गेलं, मोटार कोरडी चालली आणि जळाली. लहानपणापासून ते ऐकत ती मोठी झाली, आणि शिकायची वेळ आली तेव्हा तिनं जमिनीच्या पोटातलं पाणी हाच विषय घेतला.

"पन पान्याला वय कसं असतं?" त्यानं विचारलं.

"पावसात हायड्रोजनचा एक भाऊ असतो, जरा वजनदार. ट्रिटियम म्हणतात त्याला. वर आभाळात तयार होतो आणि पावसाच्या पाण्यातून खाली येतो. त्याच्यातून किरण निघतात, एकदम मंद, आणि किरण सोडत सोडत तो संपत जातो. बारा वर्षांत अर्धा राहतो, पुढच्या बारा वर्षांत त्याच्याही निम्मा. पाणी जमिनीत शिरून साठ-सत्तर वर्षं झाली की शोधून सापडत नाही."

"म्हंजे घावला तर पानी तरनं."

"हौ. नाही सापडला तर म्हातारं. किती म्हातारं, ते पाण्यात विरघळलेल्या कार्बनवरून कळतं. त्यातलाही एक प्रकार असाच हळूहळू संपतो, पण त्याला हजारो वर्षं लागतात."

चहा घेऊन आलेली नीलाबाई दारातच थांबली होती. ती गुरुपादप्पाची बायको. "किरन म्हंजे, दवाखान्यात लाईट देतात तेच का, बाई?"

"त्याच जातीचे, काकू. पण ते हत्तीएवढे असतील तर हे मुंगीएवढेही नाहीत."

नीलाबाईनं मान हलवली आणि कप पुढं केला.

पुढचे आठ दिवस गुरुपादप्पा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गाव फिरला. रुखसार प्रत्येक बोअरवर मोटार अर्धा तास चालू ठेवायची, मग बाटली काठोकाठ भरून झाकण लावायची. आत हवेचा बुडबुडा राहिला तर ओतून पुन्हा भरायची. खोल बोअरांवर मोठं पिंप लागायचं. शंभर-सव्वाशे लिटर पाणी त्यात भरून ती हातमोजे चढवायची, तोंडाला फडकं बांधायची आणि पाण्यात पांढरी पूड टाकून ढवळायची. तासाभरात पिंपाच्या तळाला दह्यासारखा पांढरा साका बसायचा. त्यातच पाण्यातला सगळा कार्बन उतरलेला असायचा.

गुरुपादप्पा वाकून बघायला गेला तेव्हा तिनं त्याला हातानं मागं सारलं. "ही पूड पोटात गेली तर माणूस जायचा, अप्पा. बेरियमची आहे."

"किरनांनी?"

"किरणांचा संबंध नाही. साधं विष आहे. लोक किरणांना भितात आणि असल्या पुडीचा हात पुसून भाकरी खातात." उरलेल्या पाण्यात आणखी एक क्षार टाकून ते निर्धोक केल्याशिवाय ती पिंप हलू द्यायची नाही, आणि तेही परत नांदेडला न्यायची.

पाणी निवळेपर्यंत वेळ असायचा. ती विचारायची आणि तो सांगायचा. रविकिरणच्या मळ्यात ऐंशी फुटांवर तांबडी माती, आठ फूट जाड. शाळेच्या बोअरला पंच्याण्णववर. शेषेरावकडं एकशेदहा. ती वहीत आकडे मांडायची, ठिपके जोडायची. चौथ्या दिवशी तिनं वही त्याच्या पुढं धरली. तीनशे ठिकाणच्या तांबड्या मातीची तिरकी रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडं उतरत गेली होती.

"हे कुणाकडंच नाही, अप्पा. सरकारकडंही नाही. सगळ्या शिवाराचं पोट तुम्ही पाठ करून ठेवलंय."

त्या दिवशी घरी आल्यावर गुरुपादप्पानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

शेवटच्या दिवशी तिनं गावाच्या खालच्या अंगाची जुनी विहीर दाखवायला सांगितलं. पंचेचाळीस फुटांची, दगडी बांधकामाची. नळ आल्यापासून तिथं फारसं कुणी जात नव्हतं. वीज नसली की बायका पाणी शेंदायच्या, आणि म्हशींना तेच पाजलं जायचं. रुखसारनं तिथूनही एक बाटली भरून घेतली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अहवाल आला. ग्रामपंचायतीला पाठवलेला कागद तासाभरात गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. कुणीतरी त्यातल्या एका ओळीभोवती लाल गोल काढला होता. विहिरीच्या नमुन्यात किरणोत्सर्गी ट्रिटियम आढळले, असं त्या ओळीत होतं. खोल बोअरांपुढं सगळीकडं 'आढळले नाही' लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बातम्या देणारा एकजण येऊन विहिरीच्या काठावर उभा राहिला आणि सोनकुंट्याच्या पाण्यात अणू सापडल्याचं सांगून गेला.

दुपारपर्यंत विहिरीचा रहाट काढलेला होता. तोंडावर बाभळीच्या काट्या टाकल्या गेल्या. म्हशींसाठी रोज तिथून पाणी नेणाऱ्या धोंडाबाईनं घरातला भरलेला हंडा उकिरड्यावर नेऊन ओतला आणि हंडाही तिथंच ठेवला. रविकिरणची सून बाळंतीण होती, तिला माहेरच्यांनी गाडी करून नेलं.

संध्याकाळी किशनराव गुरुपादप्पाच्या अंगणात आले. नऊशे फुटांच्या धुरळ्यानंतर ते पहिल्यांदाच आले होते.

"अप्पा, हीर तर गेली. पन बोअर साफ हायत, रिपोर्टातच हाय. ग्रामपंचायतीकडून हजार फुटांचं मशीन बोलवून राहिलोय. शुक्रवारी सकाळी येतंय. पॉइंट तुमी द्यायचा."

"म्या?"

"मग कोन? गाव तुमच्याशिवाय दुसऱ्याला बोलवनार न्हाई."

दोन वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते शब्द समोर येऊन बसले होते. "बघू," एवढंच गुरुपादप्पा म्हणाला. किशनरावांना ते होकारासारखं वाटलं आणि ते उठले.

नीलाबाई उंबऱ्यावर मिरच्या निवडत बसली होती. ते गेल्यावर तिनं विचारलं, "बघू काय? जायचं न्हाई का?"

तेव्हा त्यानं सांगितलं. शेषेरावच्या रानापासून सगळं. करंगळी कशी उचलायची, तेही हात पुढं करून दाखवलं. सांगताना तो तिच्याकडं न बघता मिरच्यांच्या सुपाकडं बघत होता.

नीलाबाईचा हात थांबला. ती म्हणाली, "शेषेरावच्यात बी तसंच केलंत?"

"हाव."

"मग तितं पानी कसं लागलं?"

"तांबड्या मातीचा उतार तिकडंच हाय. वरून मुरलेलं पानी त्या मातीवरून घसरत तितंच जातंय. मला वाटलंच होतं, लागलं तर त्याच कोपऱ्यात लागंल."

"हे ठाव होतं तर नारळ कशाला पायजे होता?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता आणि त्यानं स्वतःलाही विचारला नव्हता.

"त्या पोरीला फोन लावा," नीलाबाई म्हणाली. "आन् हीर खरंच नासली का, ते आधी इचारा."

रुखसारनं फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आकडे पाठवले आणि अर्थ सांगायला आले नाही. अप्पा, उलटं वाचलंय सगळ्यांनी. विहिरीत ट्रिटियम आहे म्हणजे तिथं पाऊस पोचतोय. बोअरांत नाही म्हणजे तिथं पोचतच नाही."

"खालच्या पान्याचं वय किती निघालं?"

"किशनरावांच्या शेजारच्या सातशे फुटी बोअरचं साडेसहा हजार वर्षं. शे-दोनशे वर्षं इकडं तिकडं."

त्यानं आकडा पुन्हा विचारून घेतला. मग फोन खाली ठेवला आणि तसाच बसून राहिला. साडेसहा हजार वर्षं जमिनीत साठून राहिलेलं पाणी. त्यानं पस्तीस वर्षांत त्याला तीनशे भोकं पाडून दिली होती, आणि प्रत्येक भोकाला हळदीकुंकू वाहिलं होतं. आता त्याला कळलं, की नारळ फसवत नव्हता आणि हातही गेला नव्हता. खाली दाखवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या मैदानात गाव जमलं. मशीनची गाडी रस्त्यावर उभी होती आणि तिच्यावरची तमिळ मुलं टपावर बसून खाली काय चाललंय ते बघत होती. रुखसार पहाटेच नांदेडहून निघून आली होती. तिनं फळ्यावर आकडे लिहिले. प्यायच्या पाण्यात हा पदार्थ किती चालतो, त्याची एक मर्यादा जगभर मानतात. विहिरीतलं प्रमाण त्या मर्यादेच्या वीस हजाराव्या भागाएवढं होतं. छातीचा एक एक्स-रे काढला तर जेवढे किरण अंगात जातात, तेवढे या पाण्यातून जायला माणसाला दोन हजार वर्षं रोज ते पाणी प्यावं लागेल.

लोकांनी ऐकलं. पण चेहरे सैल झाले नाहीत.

"थोडं का असंना, हाय ना?" शेषेराव म्हणाला. "बाई, तुमी सांजच्याला नांदेडला जानार. आमच्या लेकरांना हेच पानी प्यायचंय."

"प्रत्येक पावसात असतं ते, काका. तुमच्या आजोबांनी प्यायलेल्या पाण्यातही होतं."

"त्यांना कुनी सांगितलं नव्हतं ना पन," मागून कुणीतरी म्हणालं आणि काहीजण हसले. रुखसारच्या हातातला खडू तसाच राहिला. तिच्या आकड्यांत चूक नव्हती, पण ते कुणाच्या गळी उतरत नव्हते.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून नीलाबाई उठली. गुरुपादप्पाला वाटलं घरी निघाली. ती फळ्यापर्यंत आली आणि लोकांकडं तोंड करून उभी राहिली. एवढ्या माणसांसमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"चौदा वर्सं झाली," ती म्हणाली. "मला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालता, सगळ्यांना ठाव हाय. सोलापूरला महिनाभर राहून पंचवीस डाव लाईट घेतली. त्या मशीनमधी कोबाल्ट असतंय, त्याचे किरन आत सोडत्यात. बरी होऊन घरी आले आन् दुसऱ्या दिशी त्याच हिरीवर पान्याला गेले. माझा हंडा रांगंतनं बाजूला काढून ठेवला. म्हनले, हिच्या अंगात किरन हायत, हिरीत उतरतील. चार महिने मी लोकं गेल्यावर पानी भरलं."

गुरुपादप्पाला ते चार महिने आठवले. तो स्वतः हंडे आणायला निघाला होता आणि तिनं त्याला जाऊ दिलं नव्हतं.

"धोंडाबाई, तूच काढला होतास हंडा. माझा राग न्हाई. मला बी भ्याच वाटायचं, नातवाला जवळ घ्यायला. मग फेरतपासणीला गेले तवा डॉक्टरीनबाईला इचारलं. त्या म्हनल्या, बटन बंद केल्यावर खोलीत उजेड उरतो का? मशीन बंद झालं, किरन संपले. अंगात काय बी राहत न्हाई." ती थोडी थांबली. "पर ते जवा दिलं तवा लई होतं. कातडी काळी पडली ती पडलीच. पोट आजूक धड न्हाई, कुटं जायचं म्हनलं की आधी संडास बघावा लागतो. आन् त्याच्यानंच मी जित्ती हाय. म्हनून म्हनते, किरन म्हनलं की पळू नका, आन् हसन्यावारी बी नेऊ नका. किती हाय ते इचारा. ही पोरगी किती हाय तेच सांगून राहिली, आन् आपन ऐकून घेईना गेलोय."

ती बसली. धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला होता.

आता गुरुपादप्पाला उठणं भाग होतं. तो फळ्यापाशी गेला.

"किशनराव, मशीन परत पाठवा," तो म्हणाला. "म्या पॉइंट देनार न्हाई. खालचं पानी साडेसहा हजार वर्सांचं हाय. ते एकदा उपसलं की आपल्या नातवांच्या नातवांना बी परत मिळनार न्हाई. म्या दावलं आन् तुमी उपसलं. आन् आनिक एक. दोन वर्सं झाली, नारळ उभा ऱ्हात न्हाई. म्या करंगळीनं उभा करतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. किशनरावांचा चेहरा तांबडा झाला.

"माझे नऊशे फूट?"

"तुमचे बी."

किशनराव मैदानातून निघून गेले. त्यांच्यामागं दहा-बारा माणसं गेली. जाताना एकानं थुंकल्यासारखं केलं. मशीनवाल्या मुलांनी दुपारपर्यंत वाट बघितली आणि गाडी दुसऱ्या गावाला नेली.

त्यानंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. गुरुपादप्पा रस्त्यानं निघाला की पारावरचं बोलणं थांबायचं. ज्यांचे पॉइंट कोरडे गेले होते ते तिघंजण घरी येऊन तोंडाला येईल ते बोलून गेले. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. विहिरीवरच्या काट्या मात्र तिसऱ्याच दिवशी निघाल्या. धोंडाबाईनं काढल्या. रहाट बसवायला नवरा येईना, तेव्हा तिनं हातानं शेंदून दोन हंडे भरले. एक घरी ठेवला आणि दुसरा नीलाबाईच्या दारात आणून उतरवला. दोघींमध्ये काय बोलणं झालं ते गुरुपादप्पाला कळलं नाही. तो बाहेर आला तेव्हा त्या दोघी लसणाच्या भावावर बोलत होत्या.

सोळाव्या दिवशी किशनराव आले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"एक इचारायचंय. हिरीत पाऊस पोचतोय, तर खाली का पोचत न्हाई?"

"मधी तांबडी माती हाय. तिच्यातून पानी खाली जात न्हाई, तिच्यावरून घसरतं. वढ्यात जातं आन् वढ्यातून नदीला."

"त्या मातीला भोक पाडलं तर?"

गुरुपादप्पा त्यांच्याकडं बघत राहिला. "भोक पाडलेलं हाय की," तो हळूच म्हणाला. "तुमच्या माळावर. नऊशे फुटांचं."

किशनराव आता बसले.

रुखसारला विचारल्यावर ती म्हणाली, होऊ शकतं, पण ओढ्याचं गढूळ पाणी तसंच आत सोडलं तर खालचं सगळं पाणी नासेल. आधी मोठा खड्डा, त्यात खाली दगड, वर खडी, वर वाळू, आणि त्यातून गाळून पाणी पाइपात. शिवारात असे अकरा कोरडे बोअर होते. त्यातले कोणते घ्यायचे हे ठरवायला ती दोन दिवस येऊन राहिली, नीलाबाईकडंच. गुरुपादप्पानं चार निवडले, त्यात पहिला किशनरावांच्या माळावरचा. पूर्वेच्या उताराचे दोन त्यानं सोडून दिले, तिथलं पाणी गावाबाहेर निघून जाईल म्हणाला. एका बोअरवरून त्याचं आणि रुखसारचं चांगलंच वाजलं. तिच्या वहीप्रमाणं ती जागा योग्य होती. तो म्हणत होता, त्या साली बोअर घेताना साठ फुटांवर मशीनचा दांडा हिसका देऊन आत गेला होता, तिथं भेग आहे, आणि वरच्या बाजूच्या खताच्या उकिरड्यांची घाण तिच्यातून थेट खाली जाईल. शेवटी तिनं वहीतलं खोडलं.

पावसाला सुरुवात होईपर्यंत खड्डे खणले गेले. शेषेरावनं ट्रॅक्टर दिला. ग्रामसभेत ठराव झाला, की पुढची पाच वर्षं तीनशे फुटांखाली नवा बोअर घ्यायचा नाही. तीन घरांनी विरोध केला आणि त्यातल्या एकानं तरी चोरून पाचशे फूट घेतलाच. पावसाळ्यात चारातल्या एका खड्ड्याची वाळू वाहून गेली, ती पुन्हा भरावी लागली. विहीर मात्र त्या वर्षी दिवाळीनंतरही पायरीपर्यंत भरलेली होती.

फेब्रुवारीत रुखसार पुन्हा पिंप घेऊन आली आणि तेच नमुने घेऊन गेली. एप्रिलच्या सुरुवातीला, सकाळी गुरुपादप्पा गोठा झाडत असताना तिचा फोन आला.

"अप्पा, या वेळेला कागद आधी तुम्हाला वाचून दाखवते, मग ग्रामपंचायतीला देते. सातशे फुटी बोअरमध्ये काही फरक नाही, तो पडायलाही आपली पिढी पुरायची नाही. पण शाळेचा बोअर बघा. एकशेनव्वद फूट. मागच्या साली ट्रिटियम नव्हतं. यंदा आहे."

"किती?"

"अगदी थोडं. मोजता येईल एवढंच. एका नमुन्यावरून मी खात्री देणार नाही, पावसाळ्यानंतर पुन्हा घेऊ. पण आहे."

"म्हंजे तरनं पानी खाली पोचलं."

"पोचायला लागलंय असं दिसतंय."

त्यानं खराटा भिंतीला टेकवला. शाळेच्या बोअरला पाणी कोणत्या बाजूनं आलं असेल, ते त्यानं मनातल्या मनात मांडून बघितलं. तांबडी माती तिथं पंच्याण्णव फुटांवर. वरच्या अंगाला एकच खड्डा होता. त्यानं नीलाबाईला हाक मारून सांगितलं, चप्पल घातली आणि माळाची वाट धरली.

किशनराव हरभऱ्याच्या पोत्यांची तोंडं शिवत बसले होते. गुरुपादप्पानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"म्हंजे माझ्या बोअरमधनं गेलेलं पानी साळंच्या बोअरला लागलं?" किशनरावांनी विचारलं.

"हाव. तसंच दिसून राहिलंय."

"आन् मला?"

"तुमी उताराच्या वरच्या अंगाला हाव. खालचं भरून पानी वर चढंल तवा तुमाला लागंल, तोवर साळंच्या पोरांना आधी पिऊ द्यावं लागंल."

किशनरावांनी दाभण पोत्यात खुपसून ठेवलं आणि कपाळाला हात लावला. मग ते हसायला लागले, इतके की घरातून बायको बाहेर येऊन बघायला लागली.

"चहा टाक," ते तिला म्हणाले. "अप्पा आलेत. आन् अप्पा, त्या खड्ड्यातली वाळू यंदा कधी बदलायची, ते ठरवूनच जावा."